चाकाचे वजन

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गुलमंडीवर एक फेरी मारावी. नव्या वह्या, झेंडूच्या माळा, लाह्या-बत्तासे यांच्या मधोमध पुष्कळ दुकानांत तराजूही मांडलेला दिसतो. हल्ली तो काट्याचा नसतो, विजेवर आकडे दाखवणारा असतो. पण हळदकुंकू त्यालाही लागते. मला या पूजेचे कौतुक वाटत आले आहे. धनाची पूजा कोणीही करील. धन ज्याने मोजायचे त्या वस्तूपुढेही हात जोडणारा व्यापारी शहाणा म्हटला पाहिजे. कारण माप खोटे निघाले की वहीतला प्रत्येक आकडा खोटा होतो.

आजोबांच्या काळी एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारातल्या पायलीशी जुळेलच असा भरवसा नसे. शिवाय ती काठाबरोबर भरायची की शीग लावून, यावरून देणाऱ्या-घेणाऱ्यांची हुज्जत व्हायची ती वेगळीच. १९५८ पासून देशात दशमान पद्धतीची वजने येऊ लागली, शेर-पायल्या अडगळीत गेल्या, आणि आपण समजलो की मोजण्याचा तंटा मिटला. ज्वारीपुरता तो मिटलाही. पण ज्वारीखेरीज माणूस आणखी पुष्कळ गोष्टी मोजतो: बळ, बुद्धी, लायकी. तेथे तंटा आहे तेथेच आहे. आकडा समोर येतो, पण तो कोणाचा? मोजल्या जाणाऱ्या वस्तूचा, मोजणाऱ्या साधनाचा, की या दोहोंच्या मध्ये जे काही आडवे येते त्याचा?

हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत असेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ते ग्रंथ माझ्या वाटेवर आले नाहीत. मला तो भेटला मोटारसायकलच्या मागच्या चाकात.

आमच्या गावात हे व्हायचेच होते म्हणा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, बाहेरच्यांना अजिंठा-वेरूळच्या वाटेवरचे गाव म्हणून माहीत असते. पण १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गावाच्या बोलण्यात इंजिन, गिअर, पिस्टन हे शब्द शेंगदाण्यासारखे येऊ लागले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील 'कंपनीत' असतात. कोणती कंपनी, हे विचारावे लागत नाही. मुलाला मिसरूड फुटते न फुटते तोच त्याला गाडीची अश्वशक्ती पाठ असते. पाढे मात्र पाठ नसतात.

या अश्वशक्तीची कुळकथा मौजेची आहे. जेम्स वॅट याने सुधारलेले वाफेचे यंत्र खाणवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना विकायचे होते, ही १७८० च्या दशकातली गोष्ट. ते लोक आजवर घोडे जुंपत आले होते. त्यांचा सरळ सवाल असणार : 'तुमचे यंत्र किती घोड्यांचे काम करील?' तेव्हा वॅटने ठरवले, की एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याएवढे काम करतो. आता दिवसभर एवढे काम करणारा घोडा मिळणे कठीणच. पण वॅटचा घोडा कागदावर उभा राहिला तो कायमचा. पुढे युरोपात दशमानवाल्यांनी आपला वेगळा घोडा बांधला: सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणारा. विलायती घोडा ७४५.७ वॅटचा, आणि हा ७३५.५ वॅटचा. म्हणजे इंजिनाला हात न लावता, केवळ घोडा बदलून, आकडा शेकडा दीडेक फरकाने हलवता येतो. अमेरिकेत तर १९७२ च्या सुमारास मोटारींची अश्वशक्ती एकाएकी खाली आली. इंजिने काही रातोरात म्हातारी झाली नव्हती. पूर्वी इंजिन उघडेवाघडे, अंगावरची ओझी काढून मोजत. आता पंखा, धुराडे वगैरे संसारासकट मोजू लागले, एवढेच. ब्रह्मचारी आणि संसारी यांच्या उत्साहात जो फरक असतो, तोच तेथे आकड्यांत दिसला!

आता चाकाकडे येतो. माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. हात सोन्याचा. त्याने आपल्या गाडीच्या इंजिनावर दोन महिने खपून काही डागडुजी केली होती, आणि तिचे बळ पुण्याकडे एका ठिकाणी यंत्रावर मोजून घेतले होते. मागच्या चाकापाशी १२.१ अश्वशक्ती भरली. कंपनी याहून जास्त सांगते, पण तो आकडा इंजिनाच्या दांड्यावरचा. गिअर, साखळी आणि टायर आपापली दस्तुरी कापून घेतात आणि उरलेले बळ चाकाशी पोचते. पुढे त्याने जुना टायर काढून रुंद टायर बसवला, पुन्हा मोजले, तर ११.८! दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडल्यासारखे तोंड करून तो माझ्याकडे आला. आधी आकडे माझ्यापुढे ठेवले आणि मग म्हणाला, "सर, इंजिन तेच आहे. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. मग ही शक्ती गेली कुठं?"

मी म्हटले, "तूच सांग बाबा. कारागीर तू."

त्याने मला जे समजावले ते येथे सांगतो. कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

बळ मोजायच्या त्या जागी जमिनीत एक लोखंडी रूळ बसवलेला असतो. गाडीचे मागचे चाक त्यावर टेकवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात, आणि पूर्ण जोर देऊन तो रूळ फिरवायला लावतात. रुळाचे वजन आणि घडण ठाऊक असते. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून गाडीचे बळ काढतात. पण यात एक मेख आहे. इंजिनाला केवळ रूळ फिरवायचा नसतो. आधी स्वतःचे चाक फिरवायचे असते. चाकाला वेग देण्यात जे बळ खर्च होते ते रुळाला कळतच नाही. समजा, रुळाचे ओझे चाकाच्या टोकाशी २०० किलोइतके भासते, आणि नवा टायर जुन्याहून २ किलोंनी जड आहे. तर शंभरातला सुमारे एक भाग त्या टायरनेच वाटेत खाल्ला. शिवाय रुंद, मऊ टायर रुळावर दबतो, गरम होतो. त्या उष्णतेतही थोडे जाते. हवा कमी असली तर आणखी जाते.

टायरच्या आकाराची गोष्ट मात्र वेगळी. त्याचा जुना टायर १००/९०-१७ मापाचा होता: रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, आतले कडे १७ इंचांचे. नवा १२०/८०-१७. फळ्यावर हिशेब मांडला तर जुन्याचा व्यास ६१२ मिलिमीटर आणि नव्याचा ६२४ येतो. एका फेरीत गाडी जवळजवळ ४ सेंटिमीटर जास्त पुढे जाते. तेवढ्या प्रमाणात चाकाचा रेटा कमी होतो आणि वेग वाढतो. रेटा आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे बळ. तो जिथल्या तिथे. थोडक्यात, टायर उंच झाला म्हणून बळ घटत नाही. जड झाला की मोजणीत घटते, तेही वेग वाढत असतानाच.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. मोजण्याची दुसरीही एक रीत आहे. तिच्यात रुळाला ब्रेक लावून गाडी एकाच वेगावर धरून ठेवतात आणि ती किती जोर सोसते ते पाहतात. तेथे टायरचे वजन हिशेबातून गळूनच पडते. कारण एकदा फिरू लागलेले चाक त्याच वेगाने फिरत ठेवायला वजनाचा त्रास नसतो, केवळ घर्षणाचा असतो. तेच इंजिन, तेच चाक. पण एक यंत्र जडपणाची शिक्षा करते आणि दुसरे करत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यातले एक वाक्य मनात घर करून राहिले. तो म्हणाला, "सर, इंजिनाचं काय चुकलं? चाक जड आहे, त्याला ते काय करणार?"

मास्तर माणसाच्या कानावर असे वाक्य पडले की त्याला गाडी दिसत नाही, वर्ग दिसू लागतो. मी एका लहानशा शाळेत शिकवतो. आमच्याकडे नववीच्या वार्षिक परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला एका सद्गृहस्थांच्या देणगीतून बक्षीस मिळते. रक्कम फार मोठी नाही, पण दहावीचे वर्ष निघते. काही वर्षांपूर्वी पहिल्या दोन मुली अशा होत्या: एकीला ८८ टक्के, दुसरीला ८३. पहिली नेटाने शिकणारी, घरी सगळे व्यवस्थित. दुसरीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. आपल्या मराठवाड्यातल्या किती घरांत दिवाळीचे दिवे विझता विझता बैलगाड्या किंवा ट्रक भरू लागतात, हे वाचकांना सांगायला नको. धाकट्या भावंडांना सांभाळायला ती मुलगीही जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येई. हजेरीपटावर तिचे निम्मे वर्ष कोरे होते. कोयत्याच्या खोपीत, कंदिलापाशी तिने जे वाचले त्याचे ८३ टक्के झाले होते.

निर्णय तिघांनी करायचा होता. एक सहकारी कनवाळू. ते म्हणाले, "तोंडी परीक्षेचे गुण अजून भरायचे आहेत. पाच-सहा गुणांचं काय घेऊन बसलात? देवाच्या दारी हे खोटं धरलं जाणार नाही." दुसरे म्हणाले, "पहिली ती पहिली. घरची रडगाणी ऐकत बसलो तर परीक्षा कशाला घ्यायच्या?"

दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य होते, आणि दोघांचेही मला पटले नाही.

दुसऱ्या सहकाऱ्यांची चूक उघड आहे. ११.८ हा आकडा इंजिनाचा आहे असे ते समजतात. तो इंजिन आणि चाक या दोघांचा मिळून आहे. ८३ हे गुण बुद्धीचे नव्हेत. बुद्धी, खोप, कंदील आणि कडेवरचे भावंड या सगळ्यांचे आहेत. वाटेत काय खर्च झाले याची परीक्षेला दाद नसते, म्हणून परीक्षकालाही नसावी, असे थोडेच आहे? आणि ८८ टक्केवालीचाही आकडा तिच्या एकटीचा नाही. तिचे चाक हलके होते, यात तिचा दोष नाही तसा पराक्रमही नाही.

पहिल्या सहकाऱ्यांची चूक मात्र सूक्ष्म आहे, कारण ती दयेच्या पोटातून आलेली. बळ मोजणाऱ्या यंत्रांतही दुरुस्तीची सोय असते. हवा तापलेली असली, तिचा दाब कमी असला, तर इंजिन मंदावते. म्हणून मोजलेल्या आकड्याला ठरीव गुणकाने गुणतात. त्यात गैर काही नाही. गुणक सर्वांना सारखा आणि सर्वांना ठाऊक असतो. पण गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून कोणी गुपचूप गुणक वाढवू लागला, तर त्या यंत्राला काय किंमत राहिली? आज दयेने वाढवला, उद्या ओळखीने वाढेल, परवा पैशाने. आणि ज्याच्यासाठी वाढवला त्याचेही नुकसानच होते. त्या मुलीने खोपीत बसून मिळवलेले ८३ हे तिचे स्वतःचे होते, कोणालाही ताठ मानेने सांगता येण्यासारखे. त्याचे ८९ केले असते, तर ते आमचे झाले असते.

मी म्हटले, "आकडा जसा आहे तसाच राहू द्या. पण आकड्याशेजारी चाकाचं वजन लिहा." देणगीदारांना जो कागद जायचा त्यावर दोघींचे गुण लिहिले, आणि गुणांपुढे हजेरीचे दिवस लिहिले. अधिक एक शब्द नाही. बक्षीस नियमाप्रमाणे पहिलीला मिळाले आणि ते योग्यच झाले. पण तो कागद वाचून त्या गृहस्थांनी विचारून पाठवले, 'दुसऱ्या मुलीसाठी काय करता येईल?'

आम्ही तिलाच विचारले. ती बराच वेळ खाली बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बक्षीस नको. दिवाळीनंतर मला इथं ऱ्हायला मिळंल का?"

मी कादंबऱ्या लिहितो. पात्रांच्या तोंडी शहाणपणाची वाक्ये घालणे हा माझा धंदा आहे. पण हे वाक्य मला सुचले नसते. आम्ही तिघे शिकलेसवरलेले आकड्यावर वाद घालीत होतो : वाढवावा की न वाढवावा. तिने आकड्याचे नावही काढले नाही. तिने चाक हलके करून मागितले. पुढे तिच्या आजीकडे राहण्याची सोय झाली, शिध्याचा खर्च त्या गृहस्थांनी उचलला, आणि दहावीचे वर्ष तिने सलग वर्गात काढले. तिला किती टक्के मिळाले ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर वाचक त्या आकड्यावरून आमचा निर्णय बरोबर की चूक ते ठरवतील. आणि मग एवढा लेख लिहिला कशाला?

येथे कोणी म्हणेल, मास्तर, ओझे वाहिल्यानेच माणूस घडतो. जड चाक चांगलेच की! या म्हणण्यात यंत्रशास्त्राचे थोडे बळ आहे, हे कबूल. चाकाला वेग देताना जे खर्च होते ते नाहीसे होत नाही, चाकात साठून राहते. कुंभाराचे चाक जड असते ते उगीच नाही. दांडक्याने एकदा फिरवले की मडके होईतो फिरत राहते; हलक्या चाकावर घडा घडणार नाही. रुंद टायरही पावसाळ्यात खुलदाबादच्या वाटेवरील घाटात रस्ता घट्ट धरतो. रुळावर जो उणा ठरला तो वळणावर उपयोगी पडतो. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. एक, टायर जागीच फिरणाऱ्या रुळावर एकदा मोजला जातो. धावत्या रस्त्यावर तोच टायर दोनदा भोवतो. त्याला गोल फिरवायचे आणि गाडीबरोबर पुढेही न्यायचे, म्हणून कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा जाणवतो. गरिबाचे ओझेही असेच दुहेरी असते. आणि दुसरी, ओझ्याचे गुणगान बहुधा तेच करतात ज्यांच्या डोक्यावर ते नसते. कुंभार जड चाक आपण होऊन निवडतो; खोपीतल्या मुलीला कोणी विचारले नव्हते.

कुंभार म्हटले की आम्हां मराठवाड्याच्या लोकांना तेरचे गोरोबाकाका आठवल्यावाचून राहत नाहीत. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने त्यांना थापटणे दाखवून विचारले, 'यांतली मडकी कोणती भाजलेली आणि कोणती कच्ची, ते सांगा', ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. मोजणी म्हणजे काय, हे या कथेइतके नेमके मला कोठे सापडले नाही. काकांनी भीडेने नामदेवांना पक्के म्हटले नाही; आकडा जसा आला तसा सांगितला. पण थापटण्याने कळते ते मडके भाजले की नाही, एवढेच. माती कशी आहे ते थापटणे सांगत नाही. नामदेवांची माती कच्ची आहे असे काका म्हणालेच नाहीत. कथा पुढे सांगते की नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. निर्णय खरा होता म्हणून ते गेले, आणि तो अखेरचा नव्हता म्हणून जाण्याला अर्थ होता. खरी मोजणी माणसाला पुढे कोठे जायचे ते दाखवते. खोटी स्तुती त्याला जागच्या जागी बसवते, आणि खोटी निर्भर्त्सनाही तेच करते.

आमच्या गावात बाबा शहा मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिचे जाते फिरे आणि यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी दळण होई. आज तेथे लोक पाण्याची धार पाहायला आणि छायाचित्रे काढायला जातात. त्या चक्कीची अश्वशक्ती किती, असे तिच्या काळी कोणी विचारले नसेल. विचारत असतील ते एवढेच, की आज पीठ किती निघाले आणि किती जणांच्या पोटात गेले. तीही मोजणीच होती, आणि सावकाशीची होती. एका झटक्यात वेग किती घेतो हे पाहणारी नव्हती. शाळेची परीक्षा झटक्याची असते, तीन तासांची. तिच्यात जड चाकाचा तोटा व्हायचाच. आयुष्य मात्र पुष्कळसे त्या दुसऱ्या यंत्रासारखे आहे: ब्रेक लावून, एका वेगावर, वर्षानुवर्षे धरून ठेवणारे. तेथे चाकाचे वजन हळूहळू हिशेबातून गळते आणि इंजिन काय आहे ते कळू लागते. पण तोवर ते इंजिन चालू राहिले पाहिजे. पहिल्याच आकड्यावर निराश होऊन ज्याने गाडी कोपऱ्यात लावली, त्याला दुसऱ्या यंत्राची पाळी येतच नाही.

माझ्या गॅरेजवाल्या विद्यार्थ्याने अखेर काय केले, ते सांगतो. त्याने रुंद टायर ठेवला. "घाटात बरा पडतो," म्हणाला. आणि दुकानाच्या भिंतीवर दोन्ही मोजण्यांचे कागद शेजारीशेजारी लावले; प्रत्येकाखाली टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिला. गिऱ्हाईक विचारते, "यातला खरा कुठला?" तो म्हणतो, "दोन्ही."

या चार दिवसांत आपल्या घरोघरी पाहुणे येतील. फराळाचे ताट पुढे येईल, आणि घरातला मुलगा किंवा मुलगी नमस्काराला वाकली की चिवड्याचा घास घेता घेता कोणीतरी विचारील, "काय, किती टक्के पडले?" विचारू नये असे मी म्हणत नाही, मास्तर आहे, मला म्हणता येणार नाही. मुलाने आकडा सांगावा आणि खराच सांगावा. फक्त तो ऐकल्यावर लाडवाकडे वळण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा : "आणि वर्ष कसं गेलं?"